रमाबाईंच्या खोलीचं दार

१८९३ साली पुण्यात एका दारावरून मोठं वादळ उठलं. पंडिता रमाबाई शारदा सदन या त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शाळेतल्या आपल्या खोलीत मुलगी मनोरमा हिला जवळ घेऊन बायबल वाचत, प्रार्थना करत. त्या वेळी खोलीचं दार उघडं असे. हळूहळू सदनातल्या काही मुलीही येऊन बसू लागल्या. बाईंनी त्यांना बोलावलं नाही, आणि उठवूनही लावलं नाही. सदनाच्या सल्लागार मंडळाचं म्हणणं पडलं की प्रार्थनेच्या वेळी बाईंनी दार लावून घ्यावं. बाई तयार होईनात.

आज वाचताना हे पोरकट वाटतं, पण त्या दारामागे पन्नास-पंचावन्न वर्षांचं बरंच काही साचलेलं होतं.

मुंबईत अमेरिकन मराठी मिशनची मुलींची शाळा १८२४ सालची. प्रॉटेस्टंट श्रद्धेत प्रत्येकाने देवाचं वचन स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं हा आग्रह असतो, म्हणजे बाईलाही अक्षरं आली पाहिजेत आणि महार-मांगाच्या पोरालाही. इथल्या मिशनरी शाळांचं मूळ या साध्या हिशेबात आहे. सिंथिया फॅरार १८२७ च्या अखेरीला अमेरिकेहून मुंबईत उतरल्या, १८३९ मध्ये नगरला गेल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. लग्न न करता चौतीस वर्षं परक्या मुलखातल्या परक्या मुलींना शिकवणं नुसत्या नोकरीखातर होत नाही. जोतीराव फुले स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. त्यांनी फॅरारबाईंच्या नगरच्या शाळा पाहिल्या, आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली.

पण त्याच हिशेबाची दुसरी बाजूही होती. पोराला वाचायला शिकवणारा मास्तर त्याच्या आत्म्याचीही काळजी वाहत होता, आणि आई-बापांना धडकी भरत होती ती नेमकी याच काळजीची. १८३९ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण कोर्टात गेलं आणि बाकीच्या बऱ्याच मुलांनी शाळा सोडली. १८४३ मध्ये श्रीपाद शेषाद्री या ब्राह्मण मुलावरून पुन्हा तेच झालं. कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला, पण त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावर भटभिक्षुक अडून बसले. बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूने उभे राहिले आणि स्वतःच लोकांच्या रोषाला कारण झाले. शाळेत घातलेलं पोर बाटतं, हे घराघरांत पक्कं बसलं ते तेव्हापासून.

रमाबाईंची गोष्ट वेगळी, कारण त्या दोन्ही बाजूंनी हे जाणून होत्या. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही लेक, पुराणं तोंडपाठ. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजच्या मठात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधीचा एक प्रसंग त्यांनी स्वतः नंतर लिहून ठेवला आहे. हवापालट म्हणून त्यांना लंडनजवळ फुलमला पाठवलं होतं. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी मठाच्या भगिनी तिथे एक आश्रयस्थान चालवत. अशा बायकांना कुणी इतक्या मायेने वागवतं हे रमाबाईंनी प्रथमच पाहिलं. आपल्याकडे ‘पतिता’ म्हटलं की विषय संपतो. त्यांनी एका भगिनीला विचारलं, हे तुम्ही का करता? तिने उत्तरादाखल ख्रिस्ताची आणि विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी बाईची कथा वाचून दाखवली. रमाबाईंना धर्म पटला तो आधी असा वागणुकीतून, सिद्धांतांचा खल नंतर झाला. त्यांच्या शिक्षकपणाची किल्ली मला इथेच सापडते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं ते उच्चवर्णीय विधवांसाठी, आणि धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या बोलीवर. पैसा बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा, सल्लागारांत रानडे, भांडारकर, तेलंग. मुलींचं सोवळं-ओवळं सांभाळलं जाई, स्वयंपाकाला ब्राह्मण बाई असे. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी ही देवरुखकडची बालविधवा होती. १८९० मध्ये सदन पुण्यात आलं आणि ‘केसरी’च्या नजरेच्या टप्प्यात सापडलं.

म्हणून ते दार. रमाबाईंचा मुद्दा असा की मी कुणाला धर्म शिकवत नाही, पण माझा देव लपवणारही नाही, आणि आईच्या खोलीत येणाऱ्या लेकीला अडवणार नाही. मंडळाचा मुद्दाही पोकळ नव्हता. ज्या विधवेला घरात कुणी प्रेमाचा शब्द दिला नाही, तिला तो देणाऱ्या बाईचा देवही आपला वाटणारच. त्याला जबरदस्ती म्हणता येत नाही, पण तटस्थताही म्हणता येत नाही. १८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे-भांडारकर बाहेर पडले आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. जोतीराव असते तर कुठल्या बाजूला दिसले असते, याचा अंदाज त्यांच्या ‘सत्सार’ या पुस्तिकेवरून येतो. रमाबाईंच्या धर्मांतराची त्यांनी १८८५ मध्येच उघड पाठराखण केली होती.

पुढचं थोडक्यात. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुली आणल्या. इथे सगळं श्रेय श्रद्धेला देऊन चालणार नाही. त्यांचे आईवडील आणि बहीण उपासमारीच्याच दिवसांत गेले होते, त्यामुळे भूक त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. या मुलींसाठी पुण्याजवळ केडगावला उभं राहिलेलं मुक्ती सदन मात्र उघडउघड ख्रिस्ती होतं, तिथे तटस्थतेची बोली उरली नव्हती. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला मनोरमाबाईंनी शिकवलं. छापखान्यात खिळे जुळवायला मुलीच असत. आणि पतित ठरवलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं, म्हणजे फुलमला पाहिलेलं घर केडगावच्या माळावर उभं राहिलं.

गोदूबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. ११ मार्च १८९३ रोजी, सदनाच्या वाढदिवशीच, त्यांचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं आणि त्या आनंदीबाई झाल्या. शारदा सदनावरचा हिंदू पालकांचा विश्वास उडाल्यावर कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे तो हिंगण्याला गेला, आणि त्याच्यासाठी वर्गणी मागत गावोगाव हिंडणाऱ्या पार्वतीबाई आठवले म्हणजे गोदूबाईंची सख्खी धाकटी बहीण.