कंदवर्गीय दुर्मीळ वनस्पतींचे ऊतिसंवर्धन

कंदाचा लहानसा तुकडा निर्जंतुक काचपात्रात, कृत्रिम माध्यमावर (पोषक द्रव्यांच्या मिश्रणावर) वाढवून त्यापासून पुष्कळ रोपे मिळवण्याची पद्धत. शेतकऱ्यांच्या तोंडी ‘टिश्यू कल्चर’ हा शब्द रुळला तो केळीमुळे. दुर्मीळ कंदांचे काम त्या मानाने लहान आणि बरेच चिकाटीचे.

कंद मुळातच सावकाश वाढतात. बी पेरल्यापासून डॅफोडिलला फूल यायला साधारण पाच वर्षे लागतात आणि मूळ कंदाला पिल्लेही मोजकीच फुटतात. त्यामुळे मागणी वाढली की रानातले कंद उपटले जातात. तुर्कस्तानातून स्नोड्रॉप या पांढऱ्या फुलांच्या वनस्पतीचे कंद मोठ्या प्रमाणावर बाहेर जाऊ लागल्यावर १९९० मध्ये ती संपूर्ण प्रजाती, म्हणजे तिच्या सगळ्या जाती, ‘सायटिस’ या वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराखाली आली.

कांदा उभा चिरला तर बुडाशी एक घट्ट चकती दिसते. सगळे पापुद्रे तिलाच धरून असतात. डॅफोडिल, स्नोड्रॉप यांत नवे कंद मुख्यतः या सांध्यापाशी फुटतात. म्हणून शेजारचे दोन पापुद्रे आणि त्यांना जोडणारी चकतीची कपची असा तुकडा घेतात. चकती सुटली, तर तुकडा बहुधा वाया जातो. लिलीचे तसे नाही, तिचा सुटा पापुद्राही पुरतो.

खरी डोकेदुखी निर्जंतुकीकरणाची. कंद वर्षानुवर्षे मातीत असतो, जिवाणू पापुद्र्यांच्या आतही शिरलेले असतात. सोडियम हायपोक्लोराइटने (ब्लीचमधल्या जंतुनाशकाने) वरची घाण जाते, आतली नाही. मग काही दिवसांनी तुकड्याभोवती दुधट तवंग दिसतो आणि बाटली फेकावी लागते. हाती मोजकेच कंद असतील, तर हे नुकसान फार जाणवते. काही प्रयोगशाळा त्यासाठी कंद आधी गरम पाण्यात ठेवतात.

माध्यम बहुधा मुराशिगे व स्कूग या शास्त्रज्ञांचे, १९६२ सालचे: क्षार, जीवनसत्त्वे, लिटरला ३० ग्रॅम साखर आणि ते घट्ट करणारे आगर. वनस्पतींच्या वाढ-संप्रेरकांपैकी सायटोकायनिन वाढवले की कोंब, ऑक्सिन वाढवले की मुळे, हा ढोबळ नियम. पुढे साखर वाढवली की इवले कंद बाळसे धरतात. असे कंद नाजूक हिरव्या रोपांपेक्षा मातीत सहज तगतात, पण अनेकदा सुप्तावस्थेत जातात. लिलीसारख्यांना त्यातून बाहेर काढायला काही आठवडे थंडावा द्यावा लागतो.

कोकणच्या सड्यांवर (जांभ्या खडकाच्या पठारांवर) पहिल्या पावसात फुलणारी पांढरी दीपकाडी चिरेखाणींमुळे आणि बागांमुळे जागा गमावते आहे. तिच्यासारख्या वनस्पतीसाठी एकाच कंदापासून हजार रोपे केली, तरी ती जनुकीयदृष्ट्या एकच झाड ठरतात. रोग आला तर सगळ्यांना सारखाच. रोपवाटिकेला हा एकसारखेपणा हवा असतो, दुर्मीळ जातीच्या जतनाला तो परवडत नाही. त्यासाठी निरनिराळ्या सड्यांवरचे थोडे थोडे बी गोळा करून ते बाटलीत रुजवणे जास्त शहाणपणाचे. त्यात मूळ कंद उपटावा लागत नाही, आणि बियांचे टणक कवच निर्जंतुक करणेही कंदापेक्षा सोपे जाते.