पार्श्वभूमी: टॉक संपल्यावरचं पिवळं कार्ड

डेव्हलपर कॉन्फरन्सचा, म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या परिषदांचा, हंगाम संपला की आयोजकांच्या बैठकीत दरवर्षी तोच विषय निघतो. कुणाच्या टॉकला श्रोत्यांकडून पाचपैकी 4.6 मिळाले, कुणाला 3.8, आणि त्यावरून पुढच्या वर्षी कुणाला बोलवायचं. श्रोत्यांचं मत घ्यावं याबद्दल कुणाचंच दुमत नाही. भांडण आहे ते मधल्या, म्हणजे ना धड चांगलं ना धड वाईट अशा मताचं काय करायचं, यावर.

1968 च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत एका संगणक परिषदेत माउस, हायपरटेक्स्ट (दुव्यांनी एकमेकांना जोडलेला मजकूर) आणि दूर बसलेल्या सहकाऱ्याबरोबर पडद्यावर काम करणं, हे सगळं दीड तासाच्या एकाच डेमोत दाखवलं गेलं. सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. अभिप्राय म्हणायचा तर तेवढाच. छापील फॉर्म आले ते शिक्षणाच्या वाटेने. अमेरिकी विद्यापीठांत विद्यार्थी 1920 च्या दशकातच शिक्षकांना गुण देऊ लागले होते आणि 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' ही पाच पायऱ्यांची मोजपट्टी 1932 ची. पुढे 1959 मध्ये प्रशिक्षण चार पातळ्यांवर तपासावं असं मांडलं गेलं: आवडलं का, शिकलं का, कामात वापरलं का, आणि त्याने फरक पडला का. कॉन्फरन्सवाल्यांनी यातली पहिली पातळी उचलली, कारण ती दाराशीच मोजता येते.

ती किती फसवी असते हे 1970 मध्येच दिसलं होतं. अमेरिकेत एका नटाला मोठा तज्ज्ञ म्हणून वैद्यकीय शिक्षणातल्या जाणकारांसमोर उभं केलं. विषय गेम थिअरी (डावपेचांचं गणित), भाषण परस्परविरोधी वाक्यांनी भरलेलं, पण बोलणं अगदी रंगतदार. श्रोत्यांचे फॉर्म बहुतांशी कौतुकाचे निघाले.

या सगळ्यापेक्षा साधी पद्धत युरोपातल्या कॉन्फरन्सनी रुळवली. लंडन, ऑस्लो अशा ठिकाणी हॉलच्या दाराशी हिरव्या, पिवळ्या आणि लाल कार्डांचे गठ्ठे ठेवलेले असत. बाहेर पडता पडता एक उचलायचं आणि खोक्यात टाकायचं. पेन नको, नाव नको, दोन सेकंदांचं काम. फॉर्म भरायला न थांबणारी माणसंही कार्ड टाकून जात, हा या पद्धतीचा खरा विजय.

पण पिवळं म्हणजे काय? कुणासाठी 'ठीक होता', कुणासाठी 'विषय चांगला, मांडणी फसली', कुणासाठी 'मला हे आधीच माहीत होतं', तर कुणी लाल टाकणं बरं दिसत नाही म्हणून पिवळं टाकलेलं. मोजणाऱ्याची अडचण याहून मोठी. समजा खोक्यात 20 हिरवी, 10 पिवळी आणि लाल एकही नाही. फक्त हिरवी धरली तर टॉक 67 टक्क्यांवर येतो. लाल नाही एवढंच पाहिलं तर तो निर्दोष ठरतो. खोका तोच, पण एका हिशेबाने स्पीकरला पुन्हा बोलावणं येतं, दुसऱ्याने येत नाही.

पुण्यातल्या एका कॉन्फरन्सला मी चिठ्ठ्या मोजायला बसलो होतो. आम्ही रंगीत कागद कापून चिठ्ठ्या केल्या होत्या आणि मागे लिहायला जागा सोडली होती. हिरव्या बहुतेक कोऱ्या. लालवर एखादा शब्द. मजकूर होता तो पिवळ्यांवर: 'टर्मिनलचा फॉन्ट शेवटच्या रांगेतून दिसत नव्हता', 'पहिली 15 मिनिटं कंपनीची ओळख, डेमोला वेळच उरला नाही'. स्पीकरला उपयोगी पडेल असं जे काही होतं, ते त्या गठ्ठ्यात होतं. बेरजेच्या तक्त्यात मात्र त्याच्यासमोर शून्य लिहायचं ठरलं होतं. तो निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही.

2003 मध्ये व्यवस्थापनाच्या जगातून 'इतरांना सुचवाल का' हा 0 ते 10 चा प्रश्न आला आणि पुढे कॉन्फरन्सच्या फॉर्मातही शिरला. त्यात 9 आणि 10 देणारे समर्थक, 7 आणि 8 वाले हिशेबाबाहेर, आणि 6 पासून खाली सगळे नाराज, जे समर्थकांतून वजा होतात. आपल्याकडे 60 टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. 'बरा झाला टॉक' म्हणून मनापासून 6 देणारा माणूस या गणितात 0 देणाऱ्याच्या रांगेत जाऊन बसतो. पिवळ्याला निदान शून्य तरी मिळत होतं. इथे त्याची वजाबाकी होते.

मोबाइल अ‍ॅप आले, 2020 मध्ये कॉन्फरन्स घरात आल्या, मग क्यूआर कोड. शेवटच्या स्लाइडवरचा कोड स्कॅन करायला शेवटपर्यंत बसावं लागतं, त्यामुळे मध्येच उठून गेलेल्याचं मत नोंदतच नाही. तारे देणं एका टिचकीचं काम झालं. खालचा लिहायचा चौकोन ऐच्छिक असतो.