मका गेला, चुना मागे राहिला

मेक्सिकोत टॉर्टियाची, म्हणजे मक्याच्या पातळ भाकरीची, तयारी आदल्या रात्रीच सुरू होते. मक्याचे वाळलेले दाणे पाण्यात घालायचे, त्यात विरवलेला चुना कालवायचा, किलोभर दाण्यांना साधारण १० ग्रॅम, आणि भांडे मंद आचेवर ठेवायचे. पांढरा मकासुद्धा बघता बघता पिवळट होतो. मग भांडे उतरवून रातभर झाकून ठेवायचे. सकाळी दाणा चिमटीत धरून चोळला की साल सुटते आणि बोटांना बुळबुळीत लागते. वरचे गढूळ पिवळे पाणी ओतून द्यायचे, दाणे दोन-तीन पाण्यांनी धुवायचे आणि ओलेच वाटायचे. या भिजल्या-शिजल्या दाण्यांना तिकडे निश्तामाल म्हणतात. त्याच्या वाटलेल्या गोळ्याची टॉर्टिया होते, कणसाच्या सालपटांत गुंडाळून वाफवले की तमाले होतो, पाण्यात पातळ शिजवले की आतोले. दाणे न वाटता अख्खेच मांसाबरोबर रटरटू दिले की पोसोले.

जगभरच्या पारंपरिक पदार्थांचे साहित्य सांगताना टॉर्टियासमोर बहुतेक वेळा ‘मक्याचे पीठ आणि पाणी’ एवढेच लिहिलेले असते. चुना गाळला जातो. तो खाण्याची वस्तू वाटत नाही, ताटात दिसत नाही आणि बराचसा धुवूनही जातो. पण या पदार्थाचा सगळा इतिहास त्या चिमूटभर चुन्यावर उभा आहे. पाचशे वर्षांपूर्वी मका समुद्र ओलांडून जगभर गेला तेव्हाही चुना असाच गाळला गेला आणि त्याची किंमत लाखो गरिबांनी मोजली.

मका मूळचा नैर्ऋत्य मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यातला. तेओसिंते नावाच्या रानगवतापासून सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी तो घडवायला सुरुवात केली. त्या गवताच्या कणसात जेमतेम दहा-बारा दाणे, तेही कडक कवचात. पिढ्यानपिढ्या निवड करत त्यातून आजचे भरगच्च कणीस आले. चुन्यात शिजवण्याची रीत किमान ३,००० वर्षे जुनी असावी. ग्वाटेमालाच्या दक्षिण किनाऱ्यावर तिच्या खुणा सापडतात. जिथे चुनखडी मिळत नसे तिथे लाकडाची राख वापरत, नाहीतर शंख-शिंपले भाजून त्यांचा चुना करत.

पहिल्यांदा कोणी हे केले ते बहुधा जाड साल काढण्यासाठीच केले असणार. दुसरा फायदा हाताला लगेच कळण्याजोगा होता. मक्याच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. चुन्याच्या पाण्यात शिजलेले दाणे वाटले की मात्र गोळा एकजीव होतो, पातळ थापता येतो आणि तव्यावर टाकताना फाटत नाही. दिसत नव्हते ते तिसरे काम. मक्यात नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व असते, पण ते इतर घटकांशी असे जखडलेले असते की आपल्या आतड्यांना ते सोडवून घेता येत नाही. चुन्याच्या अल्कधर्मी पाण्यात ते मोकळे होते. शिवाय चुन्यातले कॅल्शियम दाण्यात उतरते आणि काही बुरशींच्या विषांचा अंशही घटतो.

ही झाली निम्मी गोष्ट. उरलेली निम्मी शेतात होती. मिल्पा या तिथल्या जुन्या पद्धतीत मका, घेवडा आणि भोपळा एकाच वावरात लावतात. घेवड्याचा वेल मक्याच्या धाटावर चढतो, भोपळ्याची पाने खालची जमीन झाकतात. ताटातही तिघे एकत्रच येतात. आपले शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून थोडे नायसिन स्वतः बनवते, साधारण ६० मिलिग्रॅममागे १ मिलिग्रॅम. मक्याच्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन फारच कमी, ती उणीव घेवडा भरून काढतो. म्हणजे टॉर्टिया आणि घेवड्याची उसळ हा मेक्सिकोतल्या गरिबाचा रोजचा घास पुरता विचार करून जुळवल्यासारखा आहे. हजारो वर्षांच्या अनुभवाला मी विचारच म्हणेन.

या रीतीला बायकांचे अपार कष्ट लागत. मेताते हा तीन पायांचा उतरता दगड, आपल्या पाट्या-वरवंट्याचा भाऊबंद. त्यापुढे गुडघे टेकून घरच्या बाईचे रोजचे कित्येक तास जात. विसाव्या शतकात गावोगावी निश्तामाल दळून देणाऱ्या चक्क्या आल्या आणि १९४९ साली नुएवो लेओन राज्यातल्या सेराल्वो गावी चुन्यात शिजवून वाळवलेल्या मक्याचे कोरडे पीठ करणारा कारखाना उभा राहिला. त्यातून पुढे ‘मासेका’ हे नाव घरोघरी पोचले. ताज्या वाटलेल्या पिठाची चव त्याला नाही अशी तक्रार मेक्सिकोत आजही ऐकू येते आणि ती खरी आहे. पण ज्या बायकांचे गुडघे त्या दगडापुढे झिजले, त्यांनी चक्कीचे मनापासून स्वागत केले हेही तितकेच खरे.

कोलंबस १४९३ मध्ये परतला तेव्हा मका स्पेनला पोचला. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो इटलीतल्या व्हेनिसच्या आसपास शेतात दिसू लागला. तिथे पोलेंता आधीपासून होतीच. राळे-वरीसारखी भरड धान्ये, चेस्टनट, कुट्टू, जे मिळेल त्याचे पीठ पाण्यात घोटून घट्ट शिजवत. मक्याने हळूहळू या सगळ्यांना बाजूला सारले. त्याच जमिनीत गव्हापेक्षा कितीतरी जास्त दाणा हाती येई. जमीनदार गहू विकत आणि कुळांच्या वाट्याला मका येई.

चुना का गेला नाही? युरोपात पाणचक्क्या होत्या. गहू आणि जव कोरडेच दळायची त्यांची सवय. मकाही चक्कीत घातला की साल-कोंड्यासकट दळून निघे, मग रातभर भिजवा, चोळा, धुवा हा व्याप कशाला? मेक्सिकोत स्पॅनिश लोकांनी हे सगळे डोळ्यांनी पाहिले होते. पण दाणे घेऊन गेले ते खलाशी, सैनिक आणि व्यापारी. ज्या बायकांच्या हातात ती रीत होती त्यांना कोणी विचारले नाही. स्वयंपाकाचे ज्ञान हे ज्ञानच मानले गेले नाही आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची मुळी तिथे आहे.

स्पेनच्या अस्तुरियास प्रांतातले वैद्य गास्पार कासाल यांनी १७३५ मध्ये एका नव्या रोगाची नोंद केली. रोगी अतिशय गरीब, खाणे मुख्यतः मक्याचे, दूध-मांस जवळपास नाहीच. हातापायांवर आणि गळ्याभोवती कातडी लाल होऊन सोलवटायची. गळ्याभोवतीच्या त्या पट्ट्याला वैद्यक आजही कासालचा हार म्हणते. इटलीत फ्रान्चेस्को फ्रापोल्ली यांनी १७७१ मध्ये या रोगाला पेलाग्रा हे नाव वापरले. आधी कातडी जाते, मग जुलाब लागतात, मग माणसाचे भान सुटते आणि अखेर जीव जातो. लोंबार्दी आणि व्हेनेतो प्रांतांतली वेड्यांची इस्पितळे पोलेंतावर जगणाऱ्या शेतमजुरांनी भरली. वसंतात ऊन वाढले की दरवर्षी नवी लाट येई.

मक्याचा संबंध आहे हे वैद्यांच्या लक्षात आले होते. चेझारे लोंब्रोसो यांच्यासारखे इटलीतले नामवंत डॉक्टर मात्र सडक्या मक्यातल्या विषावर बोट ठेवत राहिले. मेक्सिकोतले लोक पिढ्यानपिढ्या मका खाऊन धडधाकट कसे, हा प्रश्न बाजूलाच पडला.

मोठा तडाखा बसला तो अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांना. तिथले मूळ रहिवासी, चेरोकी आणि चोक्टॉ, मका राखेच्या पाण्यात शिजवत. वसाहतवाल्यांनीही ती रीत काही काळ उचलली होती. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यांत्रिक गिरण्या आल्या. त्यांनी पीठ टिकावे म्हणून दाण्यातला अंकुर काढून टाकला, म्हणजे होते नव्हते ते पोषणही कमी केले. रेल्वेने हे स्वस्त पीठ खेडोपाडी पोचवले. कापसाच्या मळ्यांतल्या कुळांना भाजीपाल्यासाठी वाफाभर जमीनही सुटत नव्हती. त्यांचे ताट ठरलेले: मक्याचे पीठ, काकवी आणि डुकराची खारवलेली चरबी. १९०६ साली अलाबामातल्या एका मनोरुग्णालयात साथ फुटली. तेव्हापासून १९४० पर्यंत सुमारे ३० लाख लोकांना पेलाग्रा झाला आणि त्यांतले सुमारे १ लाख दगावले, असा अंदाज दिला जातो.

अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेने १९१४ मध्ये डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना या कामावर नेमले. ते प्रयोगशाळेत बसले नाहीत, अनाथाश्रम आणि तुरुंग हिंडले आणि लोकांची ताटे पाहिली. रोग संसर्गाचा असेल तर परिचारिकांना का होत नाही, हा त्यांचा पहिला प्रश्न. मिसिसिपीतल्या जॅक्सनच्या अनाथाश्रमांत त्यांना दिसले की आजारी पडतात ती मुख्यतः ६ ते १२ वर्षांची मुले. अगदी लहानग्यांना दूध मिळत होते, मोठी मुले कामाला लागलेली म्हणून त्यांना थोडे मांस. मधल्यांच्या वाट्याला पाव, मक्याची भरड आणि काकवी. गोल्डबर्गर यांनी तिथे दूध, अंडी, मांस आणि कडधान्ये सुरू करवली. पुढच्या वर्षी रोग जवळजवळ नाहीसा झाला.

तेवढ्यावर कोणी विश्वास ठेवेना. म्हणून १९१५ मध्ये मिसिसिपीतल्याच रँकिन इथल्या तुरुंगाच्या शेतावर शिक्षामाफीच्या बोलीवर कैद्यांना भरड, तळलेली मक्याची वडी, पॉलिश केलेला पांढरा तांदूळ, काकवी, रताळी असा आहार दिला. काही महिन्यांत ११ पैकी ६ जणांना पेलाग्रा झाला. तरीही संसर्गवादी हटेनात, तेव्हा गोल्डबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्यांचे रक्त स्वतःला टोचून घेतले. रोग्यांच्या खपल्या, लघवी आणि विष्ठा पिठाच्या गोळ्यांत घालून गिळल्या. गोल्डबर्गर यांच्या पत्नी मेरी यांनीही रक्ताची सुई टोचून घेतली. कोणालाही पेलाग्रा झाला नाही. १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरात रेड क्रॉसने त्यांच्या सल्ल्याने वाळवलेले यीस्ट वाटले आणि रोगाला आळा बसला. दक्षिणेतल्या पुढाऱ्यांना मात्र आपल्या भागाला गरीब आणि भुकेला म्हटलेले रुचत नव्हते. गोल्डबर्गर १९२९ मध्ये गेले. त्यांना जो घटक सापडला नव्हता तो नायसिन आहे, हे १९३७ मध्ये विस्कॉन्सिनच्या कॉनरॅड एल्व्हेयेम यांनी दाखवून दिले आणि १९४० च्या दशकात पिठात नायसिन मिसळले जाऊ लागले.

आफ्रिकेत मका पोर्तुगिजांबरोबर गेला, तोही चुन्याशिवाय. उगाली, न्सिमा, साद्झा, नावे निराळी, पण सगळे मक्याचे घट्ट घोटलेले पीठच. जोडीला शेंगदाणे, पालेभाजी, मासे असतील तर निभावते. १९९० साली मलावीत आसरा घेतलेल्या मोझांबिकच्या निर्वासितांना मिळणाऱ्या शिध्यातले शेंगदाणे येईनासे झाले आणि त्या एका वर्षात सुमारे १८,००० जणांना पेलाग्रा झाला. मका तोच होता, ताटातून फक्त मूठभर शेंगदाणे हलले होते.

आपल्या दख्खनलाही हा रोग अनोळखी नाही. इथे मका नव्हता, ज्वारी होती. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतले, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतले, सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांतल्या पेलाग्राचा माग काढला. ज्वारीतले ल्युसिन हे अमिनो आम्ल नायसिनच्या कामात अडथळा आणते, अशी त्यांची मांडणी. तिच्यावर पुढे वाद झाले, पण रोगी कोण हे स्पष्ट होते. नुसत्या भाकरीवर दिवस काढणारे. भाकरीबरोबर पिठले, शेंगदाण्याची चटणी आणि ताक असेल तर ज्वारीला दोष देण्याचे कारण उरत नाही. दुष्काळात ताटातून आधी जाते ते हेच.

मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला युनेस्कोने २०१० मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतले तेव्हा मिल्पा, मेताते आणि चुन्यात मका शिजवण्याची रीत या तिन्हींचा उल्लेख केला. हा मान योग्यच होता. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मेक्सिकन माणसांच्या वाट्याला मात्र जुनेच दुर्लक्ष आले. गर्भातल्या बाळाच्या मज्जारज्जूत व्यंग राहू नये म्हणून तिथे गव्हाच्या पिठात फॉलिक आम्ल मिसळणे १९९८ पासून सुरू आहे. टॉर्टियाचे पीठ त्या नियमात बसवलेच नव्हते. रोज टॉर्टिया खाणाऱ्या घरांतल्या बाळांना या व्यंगाचा धोका जास्त आहे, हे डॉक्टर सांगत राहिले. या पिठात फॉलिक आम्ल घालायची नुसती परवानगी मिळायला २०१६ उजाडले. ते सक्तीचे करणारा कायदा कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये केला आणि तो १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला.