मजकूर, मांडणी आणि सीएमएस : व्यवसायांच्या संकेतस्थळांमागचा इतिहास

आशय व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे रोजच्या बोलण्यातली सीएमएस, व्यवसायांना प्रथम विकली गेली ती एका साध्या आश्वासनावर : मजकूर एका जागी राहील, मांडणी दुसऱ्या जागी, आणि एकीला हात लावताना दुसरीला धक्का लागणार नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या प्रणालींनी दुकानाचा गल्ला, भरतीचे अर्ज, ग्राहकांच्या तक्रारी आणि कायदेशीर सूचना असे एकेक काम आपल्याकडे घेतले. हा विस्तार समजून घ्यायचा तर ते मूळ आश्वासन कुठे पाळले गेले आणि कुठे मोडले, हे पाहावे लागते.

१९९०च्या दशकातील प्रणाली महाग होत्या आणि त्या मोठ्या कंपन्यांपुरत्याच राहिल्या. त्यांतील एक प्रसिद्ध प्रणाली अमेरिकेतील एका तंत्रज्ञानविषयक वृत्तसेवेने स्वतःच्या बातम्या चढवण्यासाठी तयार केली होती आणि दशकाच्या उत्तरार्धात स्टोरीसर्व्हर या नावाने ती बाजारात आली. या पिढीतील बहुतेक उत्पादने पुढे मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी विकत घेतली. त्यांची नावे आता फारशी कुणाला आठवत नसली, तरी मसुदा, तपासणी, मंजुरी आणि प्रसिद्धी हा त्यांनी रूढ केलेला क्रम आजही जवळपास प्रत्येक सीएमएसमध्ये आहे.

मराठीत मात्र त्या काळी मजकूर आणि मांडणी यांची फारकत करणे शक्यच नव्हते, आणि ही बाब या इतिहासात सहसा नोंदवली जात नाही. मराठी मजकूर तेव्हा डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याच्या, टेबलावर तयार होत असे. श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या संचातील फॉन्ट निवडून ऑपरेटर तो पेजमेकर या पाने रचण्याच्या प्रोग्रॅममध्ये बसवत असे. अशा फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी अक्षर रोमनच असे, त्यावर फक्त देवनागरी आकार चढवलेला असे. वेगवेगळ्या संचांतील जागा वेगवेगळ्या असल्यामुळे एका फॉन्टमधील मजकूर दुसऱ्यात नेला की त्याचा अर्थच नाहीसा होई. हाच मजकूर संकेतस्थळावर चढवताना पानाबरोबर फॉन्टही पाठवावा लागे, आणि त्याची सोय एखाद-दुसऱ्या ब्राउझरपुरतीच चाले. मराठीतील मजकूर अशा रीतीने दिसण्यातच अडकलेला होता. तो शोधयंत्राला सापडत नसे, एका प्रणालीतून दुसरीत जात नसे आणि डेटाबेसमध्ये शोधताही येत नसे. युनिकोडचा, म्हणजे प्रत्येक चिन्हाला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा, वापर रुळल्यानंतरच मराठी व्यवसायांना सीएमएसचा खरा उपयोग होऊ लागला. जुन्या फॉन्टमधील मजकूर रूपांतरित करून घेण्याचे काम अनेक कार्यालयांत पुढे वर्षानुवर्षे चालले, आणि जिथे ते झाले नाही तिथला जुना साठा वाचनाबाहेर गेला.

मुक्तस्रोत, म्हणजे ज्यांची संहिता (प्रोग्रॅमचा कोड) कुणालाही वापरता आणि बदलता येते अशा, प्रणालींचा काळ २००१पासून सुरू होतो. बेल्जियममधील एका विद्यार्थ्याने वसतिगृहातील मित्रांसाठी लिहिलेली प्रणाली त्या वर्षीच्या जानेवारीत द्रुपल या नावाने खुली झाली. वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी आली. बीटू या प्रणालीचे काम थंडावल्यानंतर तिच्याच संहितेतून ती निघाली होती. २००५च्या ऑगस्टमध्ये माम्बो या प्रणालीचे विकासक मालकी आणि नियंत्रणाच्या प्रश्नावरून वेगळे झाले आणि त्यांनी जुमला उभी केली. हे नाव स्वाहिली भाषेतून घेतलेले असून त्याचा अर्थ 'सगळे मिळून' असा आहे. स्वाहिलीत हा शब्द अरबीतून आला, आणि अरबी-फारसीच्या वाटेने आलेला आपला 'जुमला' त्याचाच भाऊबंद आहे.

या तिघींपैकी वर्डप्रेस पुढे निघून गेली, आणि त्याला केवळ तिचे गुण कारण झाले असे म्हणता येत नाही. २००४च्या मे महिन्यात मूव्हेबल टाइप या तेव्हाच्या आघाडीच्या प्रणालीने तिसऱ्या आवृत्तीबरोबर परवान्याच्या अटी बदलल्या आणि लेखकांच्या व अनुदिनींच्या (ब्लॉगच्या) संख्येवर शुल्क बांधले. त्यामुळे नाराज झालेला वर्ग ज्या प्रणालीकडे वळला, तिच्यात त्याच महिन्यात प्लगिनची, म्हणजे जादा कामे करणारे छोटे प्रोग्रॅम जोडण्याची, सोय आली होती. पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत वर्डप्रेसच्या १.५ या आवृत्तीने थीम, म्हणजे पानांच्या मांडणीचे तयार साचे, आणि तारखेशी न बांधलेली स्थिर पाने दिली. 'आमच्याविषयी' आणि 'संपर्क' ही दोन पाने करता येऊ लागल्यावर अनुदिनीचे हे साधन छोट्या व्यवसायाच्या कामाचे झाले. २०१०च्या जूनमध्ये आलेल्या ३.० या आवृत्तीने नोंदींचे स्वतःचे प्रकार ठरवण्याची मोकळीक दिली, तेव्हा बांधकाम व्यावसायिकाला प्रकल्पांची, रुग्णालयाला डॉक्टरांची आणि प्रकाशकाला पुस्तकांची यादी एकाच चौकटीत ठेवता आली. २०११मध्ये आलेल्या वूकॉमर्सने तिथेच दुकानही मांडून दिले.

या काळात कामाची वाटणी स्पष्ट होती. विकासक थीम बनवत असे आणि कार्यालयातील कर्मचारी रकाने भरत असे. शीर्षक, चित्र, किंमत, वर्णन एवढेच त्याच्या हाती असे. रंग आणि स्तंभ त्याच्या हाती नसत, आणि नसल्यामुळेच पाच वर्षांनी थीम बदलली तरी मजकूर शाबूत राहत असे. या शिस्तीला पहिला तडा पान रचण्याच्या प्लगिनांनी दिला. ओढून-ठेवून पान बनवण्याची सोय ग्राहकांना आवडली, पण अनेक प्लगिन ती मांडणी चौकोनी कंसातील संकेतांच्या रूपाने मजकुरातच साठवत. प्लगिन काढले की पानावर त्या संकेतांचा पसारा उरे. जुन्या मराठी फॉन्टची दुर्दशा ज्यांनी पाहिली होती, त्यांना हे चित्र ओळखीचे वाटले असणार.

२०१८चा वादग्रस्त निर्णय या पार्श्वभूमीवर झाला. गुटेनबर्ग या नावाने २०१७पासून प्रयोगात असलेला ब्लॉक एडिटर वर्डप्रेसच्या ५.० या आवृत्तीत मूळ संपादक म्हणून बसवण्यात आला. परिच्छेद, चित्र, बटण, स्तंभ असा प्रत्येक घटक आता स्वतंत्र ब्लॉक झाला, आणि त्या ब्लॉकचा प्रकार, त्याचा रंग, त्याची रुंदी हे सारे एचटीएमएलमधील, म्हणजे पान ज्या भाषेत लिहिले जाते तिच्यातील, टिप्पण्यांच्या रूपाने मजकुराच्याच रकान्यात साठू लागले. समर्थकांचे म्हणणे असे होते की मांडणी मजकुरात शिरलेलीच आहे, फक्त प्रत्येक प्लगिनची तऱ्हा वेगळी आहे. तेव्हा निदान एक समान आणि खुली पद्धत असावी. हा युक्तिवाद पोकळ नव्हता. टिप्पण्यांमधील खुणा ब्राउझरला दिसत नाहीत, त्यामुळे ब्लॉकची यंत्रणा काढली तरी साधा परिच्छेद वाचता येतो. जुन्या संकेतांपेक्षा ही निश्चितच सुधारणा होती.

आक्षेप होता तो प्रामुख्याने घाईवर आणि निर्णय घेण्याच्या रीतीवर. प्रकाशनाची तारीख आधी १९ नोव्हेंबर, मग २७ नोव्हेंबर अशी सरकली, नंतर अनिश्चित झाली, आणि शेवटी थोड्याच दिवसांची सूचना देऊन ६ डिसेंबर ही तारीख ठरवण्यात आली. वर्डप्रेस प्रकल्पाचा अमेरिकेतील वार्षिक मेळावा दुसऱ्याच दिवशी सुरू होणार होता. ऑनलाइन दुकानदारांसाठी मात्र डिसेंबर हा नाताळच्या खरेदीचा महिना असतो, आणि त्या काळात चालू यंत्रणेला हात न लावण्याचा त्यांचा दंडक आहे. दृष्टिहीन आणि केवळ कीबोर्डवर काम करणाऱ्यांना नवा संपादक वापरता येतो का, या प्रश्नावर सुगम्यता गटाच्या प्रमुखाने ऑक्टोबरमध्येच पद सोडले होते. स्वतंत्र तपासणी प्रकल्पाने वेळेत करून घेतली नाही. अखेर उच्च शिक्षण क्षेत्रातील वापरकर्त्यांच्या एका संघटनेने वर्गणी जमवून ती करवून घेतली आणि तिचा अहवाल पुढच्या वर्षी, म्हणजे बदल लागू झाल्यानंतर, आला. हा क्रम उलटा असायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. जगातील इतकी कार्यालये ज्या साधनावर रोजचे काम करतात, त्यात अपंग कर्मचाऱ्याची अडचण 'नंतर पाहू' या यादीत जाऊ शकत नाही.

जुना संपादक क्लासिक एडिटर या प्लगिनच्या रूपाने ठेवण्यात आला. त्याला २०२१च्या अखेरपर्यंत आधार मिळेल असे प्रथम सांगितले गेले आणि नंतर ती मुदत वाढवावी लागली, कारण त्याच्या चालू वापराचा आकडा पन्नास लाख संकेतस्थळांच्या पुढे गेला होता. बदल मान्य नसलेल्यांच्या एका गटाने क्लासिकप्रेस ही वेगळी शाखाही काढली. व्यवसायांच्या दृष्टीने सर्वांत दूरगामी परिणाम वेगळाच झाला. मांडणीचा अधिकार थीम बनवणाऱ्याकडून पान लिहिणाऱ्याकडे सरकला. विपणन विभागाला विकासकाची वाट न पाहता पान उभे करता येऊ लागले, आणि त्याच वेळी दहा जणांनी दहा तऱ्हांनी रचलेली पाने एकसारखी ठेवण्याची नवी जबाबदारी कुणाची, हे बहुतेक ठिकाणी ठरलेच नाही.

वर्डप्रेसमध्येच याच काळात उलट दिशेचा प्रवाहही वाहत होता. २०१६च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ४.७ या आवृत्तीत मजकूर बाहेरच्या कोणत्याही प्रोग्रॅमला पुरवण्याची सोय मुळातच देण्यात आली. मजकूर सीएमएसमध्ये आणि दर्शनी भाग पूर्णपणे अन्यत्र, या रचनेला 'हेडलेस' म्हणतात. मोबाइल ॲप, दुकानातील पडदा आणि संकेतस्थळ यांना एकाच साठ्यातून मजकूर पुरवायचा असेल, तर मांडणी मजकुराबाहेर असणे आवश्यकच असते. म्हणजे १९९०च्या दशकातील आश्वासनाची पूर्तता एका बाजूला होत असताना, दुसऱ्या बाजूला तेच आश्वासन सैल केले जात होते. दोन्ही सोयी एकाच उत्पादनात असल्यामुळे घेणाऱ्याला बहुधा ही विसंगती जाणवत नाही. ॲप बनवायला घेतल्यावर जुन्या पानांतील स्तंभ आणि रंग मजकुराबरोबर बाहेर येतात, तेव्हा ती जाणवते.

अवलंबित्व किती वाढले, हे २०२४च्या वादाने दाखवले. तोवर जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे वर्डप्रेस या एका प्रणालीवर होती. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये तिचा एक सहसंस्थापक आणि संकेतस्थळे आपल्या संगणकांवर ठेवणारी एक मोठी होस्टिंग कंपनी यांच्यात व्यापारचिन्हाचा वापर आणि प्रकल्पाला दिले जाणारे योगदान यांवरून जाहीर भांडण झाले. कंपनीच्या ग्राहकांना थीम आणि प्लगिन यांची अद्ययावत रूपे पुरवणारा मध्यवर्ती मार्ग काही काळ बंद करण्यात आला, आणि ऑक्टोबरमध्ये तिच्या एका लोकप्रिय प्लगिनची निर्देशिकेतील जागा वेगळ्या नावाने ताब्यात घेण्यात आली. प्रकरण कॅलिफोर्नियातील न्यायालयात गेले आणि डिसेंबरमध्ये कंपनीला अंतरिम दिलासा मिळाला. संहिता खुली असली तरी ती पोहोचवणारी वाट कुणाच्या तरी हाती असते, हे अनेक व्यवसायांना तेव्हा प्रथमच कळले.

मराठीपुरता एक जुना प्रश्न अजून सुटलेला नाही. वर्डप्रेसमध्ये पानाच्या पत्त्यासाठी २०० वर्णांचा रकाना असतो, आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्ह सांकेतिक रूपात नऊ वर्णांचे होते. म्हणून काना-मात्रा धरून बाविसाव्या चिन्हाच्या आसपास मराठी पत्ता तुटतो. मराठी कार्यालयांतून पत्ते रोमन लिपीत लिहिण्याची जी सवय दिसते, तिच्यामागे ही मर्यादाही आहे. दुसरा प्रश्न द्विभाषिक पानांचा आहे. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाची माहिती घेताना त्याला द्यायची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय त्याला मिळाला पाहिजे, आणि त्या अनुसूचीत मराठी आहे. मजकूर मांडणीपासून वेगळा असेल, तर त्याला दुसऱ्या भाषेची जोड देणे सोपे असते. तो ब्लॉकांत गुंफलेला असेल, तर बहुधा अख्खे पानच दुसऱ्यांदा रचावे लागते. द्रुपलने बहुभाषिकता २०१५च्या आठव्या आवृत्तीतच मूळ प्रणालीत आणली. वर्डप्रेसने २०१८च्या डिसेंबरमध्ये जाहीर केलेल्या चार टप्प्यांच्या आराखड्यात ती चौथी ठेवली आहे, आणि तोवर मराठी-इंग्रजी पाने चालवणाऱ्यांना त्यासाठी वेगळ्या प्लगिनवरच विसंबावे लागते.