जुन्या फोर बाय फोरला टायर घ्यायच्या आधी खडू आणि टेप घ्या

सेकंडहँड फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद देता येते अशी गाडी) घेतली की पहिल्या महिन्याभरात टायरचा विषय निघतोच, कारण गाडी विकणारा माणूस इंजिन धुवून देतो, सीट कव्हर नवीन टाकतो, पण टायरला मात्र नुसतं काळं पॉलिश मारून मोकळा होतो. मग आपण विचारत सुटतो, कुठल्या कंपनीचे घेऊ, एटी (डांबर-माती दोन्हीवर चालणारे) घेऊ की एमटी (चिखलाचे), एक साइज मोठे बसतील का. हे सगळं नंतर. आधी गाडीला आत्ता जे चार टायर आहेत त्यांचा घेर मोजा.

मी हे शिकलो ते चुकूनच. माझ्या जुन्या गाडीला चारही टायरवर 235/70 आर16 असंच लिहिलेलं होतं, पुढचे दोन जरा नवे, मागचे दोन झिजलेले आणि वेगळ्या कंपनीचे. चिखलातून बाहेर येऊन डांबरी रस्त्याला लागलो की फोर-व्हीलचा लिव्हर निघायचाच नाही, दोन्ही हातांनी ओढला तरी हलत नव्हता. गिअरबॉक्स गेला असं धरून चाललो होतो. एका जुन्या मेकॅनिकने काही न उघडता टायरवर जमिनीपाशी खडूची रेघ मारली, तशीच एक जमिनीवर, आणि गाडी सरळ ढकलायला सांगितली. टायरची रेघ पूर्ण फिरून परत खाली आली तिथे दुसरी खूण. पुढचा टायर एका फेरीत 224 सेंटीमीटर गेला, मागचा 221. तीन सेंटीमीटरचा फरक बघून मी म्हटलं, एवढ्याने काय होतंय?

आता हिशोब बघा. एका किलोमीटरला टायरच्या साधारण 450 फेऱ्या होतात. गाडी साध्या टू-व्हीलमध्ये असेल, म्हणजे ताकद दोनच चाकांना जात असेल, तर काहीच बिघडत नाही, पुढची चाकं त्यांच्या गतीने फिरतील, मागची त्यांच्या. पण पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये (जी गरजेपुरतीच फोर-व्हीलमध्ये टाकतात) लिव्हर टाकला की ट्रान्सफर केस, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणारा गिअरचा डबा, पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारे दांडे) एकमेकांना पक्का जोडून टाकतो, मध्ये दोन्हीकडे वेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शियल नसतो, म्हणजे दोन्हीकडच्या फेऱ्या सारख्याच व्हायला पाहिजेत. पुढचे टायर दर फेरीला 3 सेंटीमीटर जास्त जायला बघणार, गुणिले 450, म्हणजे किलोमीटरमागे साडेतेरा मीटर. पण गाडी तर एकच आहे, पुढचा भाग साडेतेरा मीटर पुढे निघून जाऊ शकत नाही! मग हा फरक जातो कुठे, तर कुठल्या तरी टायरला घसरावं लागतं. चिखलात, वाळूत, ओल्या मातीत टायर सहज घसरतो, कोणाला कळतही नाही. कोरड्या डांबरावर रबर सोडत नाही, त्यामुळे पीळ शाफ्टमध्ये, गिअरच्या दातांवर, जॉइंटमध्ये साठत जातो, आपण ओला टॉवेल पिळतो ना तसा. स्टिअरिंग जड होतं, लिव्हर अडकतो. गाडी दहा-वीस फूट रिव्हर्स घेतली की पीळ सुटतो आणि लिव्हर निघतो, ही युक्ती जुन्या ड्रायव्हर लोकांना माहीत असते, कारण माहीत असतंच असं नाही.

(वळणावर चारही टायर सारखे असले तरी हे होतंच, कारण पुढची चाकं मोठ्या गोलावरून जातात. म्हणूनच पार्ट-टाइम गाडी कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर-व्हीलमध्ये चालवू नका असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.)

ऑल-व्हील-ड्राइव्ह वाल्यांनी (ज्यांच्या गाडीत लिव्हर नसतो, चारही चाकांचं काम गाडी आपोआप सांभाळते) हसू नये, त्यांचं दुखणं जास्त महागडं आहे. तिथे पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मध्ये क्लचच्या प्लेटा किंवा सिलिकॉन तेल भरलेलं व्हिस्कस कपलिंग असतं, आणि ते फेऱ्यांमधला फरक ओळखूनच काम करतं. टायरचे घेर वेगळे असले की त्या बिचाऱ्याला वाटतं एक चाक सतत घसरतंय, मग सरळ हायवेवरसुद्धा ते काम करत बसतं, तापतं, आणि एक दिवस जातं. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोलचे (चाक जागेवर फिरू न देणारी) सेन्सरही चाकांच्या फेऱ्याच मोजतात. काही गाड्यांमध्ये हवा कमी झाल्याची वॉर्निंगसुद्धा याच हिशोबावर चालते, हवा कमी झाली की टायर किंचित बसतो, घेर कमी होतो, चाक बाकीच्यांपेक्षा जास्त फेऱ्या मारतं.

त्यामुळे माझं मत एकदम साधं आहे, फोर बाय फोरमध्ये चार टायर म्हणजे चार सुटे पार्ट नाहीत, तो एक सेट आहे. एकच कंपनी, एकच मॉडेल, एकच साइज, चारही एकदम. खिसा दुखतो, मान्य. पण दोन आत्ता दोन नंतर केले की आपणच तो तीन सेंटीमीटरचा फरक विकत घेतो. साइजचा आकडा सारखा आहे म्हणून निश्चिंत राहू नका, एकाच साइजचे दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात थोडे लहानमोठे निघतात. काही देशांत तर नवीन टायरची नक्षी मशीनवर खरवडून बाकीच्या तिघांएवढी करून देतात. चांगलं रबर फेकून द्यायचं हे ऐकायला वेडेपणा वाटतं, पण ट्रान्सफर केस वाचते.

जुने टायर काढायच्या आधी ते जरा वाचून घ्या, कारण सेकंडहँड गाडीची खरी हिस्टरी तिथे छापलेली असते. मधोमध झिजलाय म्हणजे आधीच्या मालकाने हवा जास्त ठेवली, दोन्ही कडा झिजल्यात म्हणजे हवा कमी किंवा लोड जास्त. एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट. टायरवरून हात फिरवल्यावर उंचवटे-खड्डे लागले तर शॉकअप संपलेत किंवा बॅलन्सिंग नाही. हे दुरुस्त न करता नवीन टायर टाकले तर सहा महिन्यांत त्यांच्यावरही तेच छापून येईल.

मग साइडवॉलवरचे आकडे. 235 म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, 70 म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या 70 टक्के, आर म्हणजे रेडियल, 16 म्हणजे रिम इंचात. पुढे 106 एस असं काहीतरी असतं, ते कोणी बघत नाही आणि तेच बघायला पाहिजे. 106 म्हणजे एक टायर 950 किलो पेलतो, 100 असेल तर 800. एस म्हणजे ताशी 180 किलोमीटरपर्यंत, क्यू म्हणजे 160. आकडा गाडीच्या कंपनीने सांगितलाय त्याच्या खाली जाऊ देऊ नका, टपावर सामान आणि आत सात माणसं बसली की फरक कळतो.

एक साइज मोठं करायचा मोह सगळ्यांना होतो, गाडी दिसतेही भारी. 235/70 चा व्यास 735 मिलिमीटर, 245/75 चा 774, म्हणजे पाच टक्के जास्त. मीटर 100 दाखवेल तेव्हा गाडी 105 वर असेल, प्रत्येक गिअर पाच टक्के उंच झाल्यासारखा होईल म्हणून चढाला गाडी मेल्यासारखी वाटेल, आणि जड चाक थांबवायला ब्रेक मात्र तेच जुने. एकाने हे सगळं करून वर तक्रार केली की मायलेज पडलं. अरे बाबा, पडणारच!

एटी-एमटीचा वाद मी दोन वाक्यांत संपवतो. रोज डांबरावर फिरत असाल तर एचटी (रस्त्याचा टायर), महिन्यातून दोनदा मातीत जात असाल तर एटी, आणि एमटी फक्त त्यांनी घ्यावा ज्यांची गाडी आठवड्यातून बऱ्याच वेळा खरोखर चिखलात असते. एमटीचे मोठाले गट्टू आणि त्यांच्यामधल्या रुंद फटी चिखल धरायला आणि बाहेर फेकायला असतात, डांबरावर त्याच फटींमुळे रस्त्याला लागणारं रबर कमी होतं, गट्टू वाकतात, तापतात, ओल्या रस्त्यावर ब्रेकिंग लांबतं. रस्त्याला टेकलेला भाग तसाही फार मोठा नसतो. 2000 किलोची गाडी, एका चाकावर 500 किलो, आणि 35 पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण अडीच किलो. भागाकार केला की 200 चौरस सेंटीमीटर येतात, आपल्या पंज्यापेक्षा जरासा मोठा तुकडा. हवा निम्मी केली की तो बराच मोठा होतो, म्हणून वाळूत शिरताना हवा सोडतात (आणि बाहेर आल्यावर परत भरतात, हे विसरलं तर साइडवॉल तापून फाटतो).

शेवटचं राहिलं ते वय. नक्षी भरपूर आहे म्हणून टायर चांगला, हे जुन्या फोर बाय फोरला अजिबात लागू नाही, कारण या गाड्या बऱ्याचदा वर्षवर्ष नुसत्या उभ्या असतात. रबराच्या लांबच लांब साखळ्यांमधले दुहेरी बंध हवेतला ओझोन तोडतो, म्हणून रबरात मेण आणि ओझोन अडवणारी रसायनं मिसळलेली असतात. टायर फिरताना वाकतो-ताणतो तसं ते मेण हळूहळू वर येत राहतं आणि पातळ थर धरतं. उभ्या गाडीचा टायर वाकतच नाही, थर नवा होत नाही, मग बारीक भेगा पडतात. साइडवॉलवर डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. पूर्ण आकडा बऱ्याचदा एकाच बाजूला असतो आणि नेमकी तीच बाजू आतल्या अंगाला बसवलेली असते, मग टॉर्च घेऊन गाडीखाली आडवं व्हायचं. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या, दहा झाली की नक्षीकडे न बघता काढून टाका.

आणि हो, स्टेपनी. पंक्चर झाल्यावर तीच चौथा टायर होणार आहे, म्हणून तिचाही घेर मोजा, जमलं तर सेट पाचचा घ्या आणि पाचही आलटून पालटून वापरा. माझ्या गाडीची स्टेपनी मागच्या दारावरून उतरवली तेव्हा नव्या टायरवर असतात ते केसांसारखे रबरी काटे जसेच्या तसे होते, एक मीटरसुद्धा चाललेली नव्हती, मी म्हटलं चला एक तरी वाचला. मग आतल्या बाजूला टॉर्च मारला तर आकडा निघाला 2207.