रडारवरचा लाल रंग: वितळतं हिम की गारा?

पावसाळ्यात मुंबईच्या डॉप्लर रडारचं चित्र व्हॉट्सॲपवर फिरायला लागलं, की त्यातला लाल ठिपका बघून कुणीतरी ‘ढगफुटी’ म्हणतंच. रंग खोटा नसतो. पण तो एवढंच सांगतो की पाठवलेल्या लहरींपैकी बऱ्याच परत आल्या. कशावर आपटून आल्या, ते सांगत नाही. सारखाच भडक रंग देणाऱ्या दोन गोष्टींची तर हमखास गल्लत होते: संथ, पसरट पावसाच्या ढगात वितळणारं हिम आणि वादळी ढगातल्या गारा.

मुंबईवर हिम? हो, भर जुलैतही. जमिनीपासून ५ किलोमीटरच्या थोडं वर गेलं की तापमान शून्याला येतं आणि त्याच्या वर हिमाचे पापुद्रे एकमेकांना चिकटत खाली येत असतात. रडारला कोरडा बर्फ फिका दिसतो. तेवढंच पाणी सुमारे ५ पट जास्त ऊर्जा परत पाठवतं. पापुद्रा शून्याच्या रेषेखाली आला की त्यावर पाण्याचा लेप चढतो आणि रडारला वाटतं, केवढा हा प्रचंड थेंब! परतणारी ऊर्जा व्यासाच्या सहाव्या घाताने वाढते, त्यामुळे हा गैरसमज फार महागात पडतो. काहीशे मीटर खाली पापुद्रा पुरता वितळून लहानसा थेंब होतो, भराभर पडू लागतो, थेंबांमधलं अंतर वाढतं आणि चमक ओसरते. मधे उरतो तो आडवा, पातळ, झगझगीत थर. याला ब्राइट बँड म्हणतात. त्याच्या खाली उभ्या असलेल्या माणसाला छत्रीत निभावेल असा पाऊस लागतो.

गारांचा प्रकार उभा. जोरदार वर जाणारी हवा पाण्याचे थेंब शून्याच्या रेषेपलीकडे नेते, ते न गोठता तसेच राहतात आणि गारेवर थापले जाऊन तिला वाढवतात. त्यामुळे ५५ डीबीझेडच्या (परतलेल्या ऊर्जेच्या मापाच्या) वरचा लाल गाभा त्या रेषेच्याही बराच वर चढलेला दिसतो. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भाला झोडपणारी गारपीट अशाच ढगांची.

मग नुसतं उभ्या छेदात पाहिलं तर भागलं की! बऱ्याच अंशी भागतं. हवामान खात्याच्या ‘मॅक्स झेड’ चित्रात वर आणि उजवीकडे दोन पट्ट्या असतात, त्यात प्रतिध्वनी किती उंचीवर आहे ते दिसतं. फॉरवर्ड करणारे नेमक्या त्याच कापतात. मधल्या नकाशात प्रत्येक जागी सगळ्या उंचींतला सर्वांत मोठा आकडा घेतलेला असतो, म्हणजे ब्राइट बँड असेल तर तोच रंग वर येतो.

पण रडारचा झोत १ अंशाचा असला तरी १०० किलोमीटरवर पावणेदोन किलोमीटर रुंद होतो, तिथे पातळ थर पुसट होतो. शिवाय झोत तिरका चढतो. झोत ३ अंश वर रोखून मारलेल्या फेरीत तो साधारण ८०-९० किलोमीटरवर वितळण्याच्या थराला भेटतो आणि पडद्यावर रडारभोवती कडं उमटतं. असं गोल कडं दिसलं तर ते गारांचं नाही, हे डोळे मिटून सांगावं.

इथे दुहेरी ध्रुवीकरण कामी येतं. रडार आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी पाठवतं. त्यांच्या परतीची तुलना करायची ही कल्पना सेलिगा आणि ब्रिंगी यांनी १९७६ साली मांडली. मोठा थेंब पडताना बनपावासारखा चपटा होतो, म्हणून त्याचं आडवं उत्तर जोरकस. गार गटांगळ्या खात येते, तिच्या लेखी आडवं-उभं सारखंच, फरक शून्याच्या आसपास. ओलं हिम मात्र चपट्या थेंबासारखा ठळक फरक दाखवतं.

दुसरं माप म्हणजे दोन्ही लहरींमधला सहसंबंध गुणांक, म्हणजे दोघींची उत्तरं एकमेकींशी किती जुळतात याचा आकडा. निव्वळ पावसात तो ०.९८च्या वर असतो, वितळत्या थरात दणकून खाली येतो. आता गंमत अशी की गारा-पावसाच्या मिश्रणातही तो घसरतो, म्हणजे एकट्या गुणांकावर विसंबणारा पुन्हा फसणार. गुणांक कमी, फरक मोठा आणि तोही ठरावीक उंचीच्या थरात, तर हिम. रंग अतिभडक, फरक शून्याजवळ आणि गाभा उंच चढलेला, तर गारा. यातही एक खोच आहे: छोटी गार वितळताना पाणी अंगावर लपेटून घेते, गटांगळ्या थांबवते आणि मोठ्या थेंबाचं सोंग वठवते. तेव्हा जमिनीलगतचा आकडा सोडून शून्याच्या रेषेच्या वरचा आकडा बघावा.

सह्याद्रीवर तर आणखी तिसराच मामला. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेने मांढरदेवला दुहेरी ध्रुवीकरणाचं एक्स-बँड (आखूड लहरींचं) रडार बसवून घाटातला पाऊस अभ्यासला आहे. तिथले कित्येक ढग इतके बुटके की माथा शून्याच्या रेषेपर्यंत पोचतच नाही. हिम नाही, गार नाही, ब्राइट बँडही नाही. बारीक थेंबांची दाट झड, चित्रात लाल जवळपास नाहीच, आणि घाटात मात्र तासन्‌तास धो-धो.