भूमिकेसाठी देहबदल

चित्रपटातील पात्राला शोभेल असे शरीर घडवण्यासाठी नटाने किंवा नटीने आपले वजन, चरबी आणि स्नायू ठरवून कमी-जास्त करणे म्हणजे भूमिकेसाठीचा देहबदल. रंगभूषा, पोशाखाखाली बांधलेले नकली पोट किंवा संगणकावर बारीक केलेली कंबर यात मोडत नाही. पण प्रत्यक्ष कामात या सगळ्यांची सांगड घालावीच लागते. रंगभूमीवर ही पद्धत फारशी रुजली नाही, कारण नाटकात तारुण्य आणि म्हातारपण एकाच रात्री, तीन तासांत दाखवायचे असते. चित्रपट मात्र तुकड्या-तुकड्यांनी आणि उलटसुलट क्रमाने चित्रित होतो, मध्ये महिनोन्‌महिने थांबता येते, आणि क्लोज-अपमध्ये बसलेले गाल, मानेच्या शिरा, बोटांची जाडी असे सगळे दिसते. त्यामुळे देहबदल वरवर आहार-व्यायामाचा विषय वाटला तरी तो आधी वेळापत्रकाचा विषय आहे. चित्रीकरण किती दिवस थांबवता येईल आणि आधी कोणते शरीर टिपायचे, ही दोन उत्तरे हातात नसतील, तर उत्तम ट्रेनरही काही करू शकत नाही.

आजच्या अर्थाने या पद्धतीचा पाया 'रेजिंग बुल' (१९८०) या चित्रपटाने घातला. मुष्टियोद्धा जेक लामोटाच्या भूमिकेतील रॉबर्ट डी नीरो यांनी आधी कसलेल्या शरीराने रिंगमधील दृश्ये दिली. मग काम सुमारे चार महिने थांबले आणि त्या काळात त्यांनी युरोपात भरपूर खाऊन सुमारे २७ किलो वजन वाढवले. परतल्यावर त्यांचा श्वास इतका जड झाला होता, की दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांना मोजकेच टेक घ्यावे लागले. पडद्यावर थकलेला, सुटलेला लामोटा बोलताना धापा टाकतो ती धाप खरी आहे. या भूमिकेला ऑस्कर मिळाले आणि 'किती किलो?' हा प्रश्न अभिनयाच्या चर्चेत कायमचा येऊन बसला. ही सवय काही चांगली नाही. प्रेक्षकाला पटते ती बदललेली चाल, बसण्याची ढब आणि श्वास. आकडा हा फक्त तिथवर जाण्याचा खर्च.

क्रम कसा ठरतो

'कास्ट अवे'मध्ये (२०००) टॉम हँक्स यांचे पात्र निर्जन बेटावर चार वर्षे काढते. आधी भरल्या अंगाची दृश्ये घेतली, मग चित्रीकरण सुमारे वर्षभर थांबवले. त्या अवधीत हँक्स यांनी वीस-बावीस किलो वजन उतरवले, केस-दाढी वाढवली. आणि दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस यांनी तेच तंत्रज्ञ घेऊन मधल्या काळात दुसरा चित्रपट उरकला. पथक रिकामे बसवले असते तर एवढी लांब सुट्टी परवडलीच नसती.

'दंगल'मध्ये (२०१६) क्रम कथेच्या उलटा होता. आमिर खान यांना महावीरसिंह फोगाट यांचे तरुण पैलवानाचे आणि पन्नाशीतल्या बापाचे अशी दोन शरीरे दाखवायची होती. नकली पोट बांधण्याचा पर्याय त्यांनी नाकारला, कारण त्याने श्वास आणि हालचाल बदलत नाही. आधी वजन सुमारे ९७ किलोंवर नेऊन बापाची दृश्ये पूर्ण केली आणि मग काही महिन्यांत ते उतरवून पैलवान उभा केला. कारण साधे होते: आधी पैलवान आणि मग जाड बाप असा क्रम ठेवला, तर चित्रपट संपल्यावर ते वजन उतरवायला कोणतीच निकड उरत नाही. तरुणपणाचा भाग पडद्यावर काही मिनिटांचाच आहे. तरी नटाच्या प्रकृतीसाठी हाच क्रम शहाणपणाचा.

चित्रीकरण अचानक थांबले तर मात्र सगळे गणित कोसळते. पृथ्वीराज सुकुमारन यांनी 'आडुजीवितम'साठी (२०२४) सुमारे ३१ किलो वजन घटवले होते. २०२० मध्ये महामारीमुळे हे पथक जॉर्डनच्या वाळवंटात अडकले आणि पुढे काम लांबले. उतरवलेले शरीर कपाटातल्या पोशाखासारखे जपून ठेवता येत नाही. उपासमारीच्या टोकावर असलेला देह काही दिवसांतच पुन्हा भरू लागतो आणि 'कंटिन्युइटी' तुटते: एकाच प्रसंगातील दोन शॉटमध्ये गाल वेगळे दिसतात.

हिशेब

एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. वाढवायच्या बाजूने पाहिले, तर तीन महिन्यांत १० किलो वाढवायला रोज सुमारे ८५० कॅलरी जास्तीच्या लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणावर तुपातले दोन आलू पराठे आणि मोठा पेला गोड लस्सी. पहिला आठवडा मजेत जातो. तिसऱ्या आठवड्यापासून भूकच लागत नाही आणि जेवण ही ड्यूटी होते. चरबी कुठे चढणार हे आनुवंशिकता ठरवते. पात्राला पोट हवे असते आणि नटाच्या मांड्याच भरतात, असे सर्रास होते. मग आकार जुळवायला खऱ्या वजनावर पुन्हा पॅडिंग बांधावे लागते.

घटवायच्या बाजूने हिशेब जास्त बोलका आहे. 'द मशिनिस्ट'साठी (२००४) ख्रिश्चन बेल यांनी सुमारे चार महिन्यांत २८ किलो वजन घटवून ते ५५ किलोंवर आणले. दिवसभरात ट्यूना माशाचा एक डबा, एक सफरचंद आणि कॉफी एवढ्यावर ते राहिले, असे सांगितले जाते. २८ किलोंना चार महिन्यांनी भागले की रोजची तूट सुमारे १,८०० कॅलरी येते, म्हणजे हा आहार आणि हे वजन एकमेकांशी जुळतात. 'सरबजित'साठी (२०१६) रणदीप हुडा यांनी २८ दिवसांत १८ किलो उतरवले. इथे तोच हिशेब लावला तर रोज जवळपास ५,००० कॅलरींची तूट हवी. दिवसभर न खाताही बहुतेक माणसांची एवढी तूट पडत नाही. याचा अर्थ आकडा खोटा असा नाही. त्यातला मोठा भाग चरबी नव्हे, पाणी आणि स्नायू होता, एवढाच अर्थ निघतो. यकृत आणि स्नायूंत मिळून चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन (साखरेचा साठा) असते आणि प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भात-पोळी बंद केली की पहिल्याच आठवड्यात दोनेक किलो उतरतात ते यामुळे. पुढच्या टप्प्यात शरीर स्नायू मोडून खाते. कैद्याच्या भूमिकेत तेच दिसायला हवे असते: खांद्याची हाडे वर येतात, मान बारीक होते, डोळे खोल जातात.

उपासमारीत मनाचे काय होते याची सर्वांत पक्की नोंद चित्रपटाबाहेरची आहे. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे सुमारे १,५७० कॅलरींवर ठेवले. त्यांचे वजन साधारण पाव हिश्श्याने घटले. सतत थंडी वाजणे, पायांना सूज, चिडचिड, एकटे राहण्याची ओढ आणि रात्रंदिवस फक्त अन्नाचाच विचार ही लक्षणे जवळपास सगळ्यांत दिसली. ज्या नटाला अर्ध्या आहारावर पानभर संवाद पाठ करायचे असतात, त्याच्या भोवतीच्या पथकाला ही यादी माहीत असायला हवी. सेटवर तो तुसडा वागतो ते बहुधा स्वभावामुळे नसते.

स्नायू वाढवणे हे सर्वांत सावकाश होणारे काम. औषधांची मदत न घेता नवशिक्याला महिन्याला अर्धा ते एक किलो स्नायू चढला तरी पुष्कळ. मुरलेल्या माणसाला त्याहून कमी. त्यासाठी शरीराच्या दर किलोमागे रोज १.६ ते २.२ ग्रॅम प्रथिने, नियमित आणि वाढते वजन उचलणे आणि पुरेशी झोप लागते. रात्रपाळीच्या चित्रीकरणात झोपच जाते, म्हणून मेहनत तीच राहूनही वाढ थांबते. तीन महिन्यांत दहा किलो 'निव्वळ स्नायू' चढल्याचा दावा झाला, तर आधीचे गमावलेले स्नायू परत येत आहेत किंवा टेस्टोस्टेरॉनसारखी द्रव्ये घेतली आहेत, असे समजावे. अशा द्रव्यांनी शरीराची स्वतःची निर्मिती बंद पडते, आणि ती पुन्हा सुरू व्हायला भूमिका संपल्यावर कित्येक महिने लागू शकतात.

उघड्या अंगाचा शॉट

पडद्यावरचे पिळदार पोट त्या शरीराचे रोजचे रूप नसते. ते एका दिवसासाठी, कित्येकदा काही मिनिटांसाठी तयार केलेले असते. पोटाचे स्नायू स्पष्ट दिसायला पुरुषाची चरबी साधारण १० टक्क्यांच्या आसपास यावी लागते. शेवटच्या आठवड्यात आधी पिष्टमय पदार्थ कमी करून मग एक-दोन दिवस वाढवतात, म्हणजे रिकामे झालेले स्नायू ग्लायकोजेन ओढून फुगतात. शॉटच्या अर्धा तास आधी केळे किंवा गूळ-भात. कॅमेरा लागला की कोपऱ्यात जोर आणि रबरी पट्ट्यांचे हलके व्यायाम. याला सेटवर 'पंप' म्हणतात, आणि रक्त उतरले की तोही उतरतो. अंगाला तेल किंवा ग्लिसरीन-पाण्याचा फवारा आणि प्रकाश समोरून न टाकता बाजूने, म्हणजे प्रत्येक खाचेत सावली पडते. चांगला छायालेखक इथे दोन टक्के चरबी एकट्याने कमी करून देतो.

याच टप्प्यावर पाणी तोडण्याची धोकादायक रूढी आहे. एक-दोन दिवस पाणी जवळपास बंद ठेवतात, काही जण लघवी वाढवणारी औषधेही घेतात. 'बेवॉच'साठी (२०१७) आपण अशी औषधे घेतली आणि नंतर नैराश्य व झोपेच्या त्रासात सापडलो, असे झॅक एफ्रॉन यांनी जाहीरपणे सांगितले आहे. पोटॅशियम घसरले की गोळे येतात, चक्कर येते, हृदयाचे ठोके चुकू शकतात. वर तापलेले दिवे आणि मारामारीचे दृश्य. शिवाय स्नायूचा तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो, त्यामुळे पाणी जास्त तोडले की स्नायू फुगण्याऐवजी सपाट होतात. जिवाशी खेळून मिळणारा फायदा इतका अनिश्चित आहे, की ही रूढी सोडून देणेच योग्य.

परतीचा प्रवास

लोकांचे लक्ष वजन बदलण्याकडे असते. खरा धोका ते पूर्ववत करताना असतो. दीर्घ उपासमारीनंतर एकदम पोटभर जेवले, तर इन्सुलिन वाढते आणि रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढले जाते. रक्तातले त्यांचे प्रमाण कोसळले की हृदय आणि श्वसन दोन्ही अडचणीत येतात. तीन ते सहा महिन्यांत १५ टक्क्यांहून अधिक वजन गेलेला किंवा दहा दिवसांहून जास्त काळ जवळपास काहीच न खाल्लेला माणूस या धोक्यात मोडतो. त्याला दर किलोमागे दिवसाला सुमारे १० कॅलरींपासून सुरुवात करून, रक्त तपासत आणि थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देत, चार ते सात दिवसांत आहार वाढवावा लागतो. 'रॅप-अप'च्या पार्टीतली बिर्याणी अशा नटासमोर ठेवू नये.

आणखी एक अडचण मिनेसोटाच्या त्या प्रयोगात दिसली: परत येताना आधी चरबी चढते, स्नायू मागून येतात, आणि भूक वजन पूर्ववत झाल्यावरही शमत नाही. बेल यांनी 'बॅटमॅन बिगिन्स'साठी (२००५) सहाएक महिन्यांत जे वजन चढवले ते हवे त्यापेक्षा जास्त झाले आणि थोडे पुन्हा उतरवावे लागले. झपाट्याने घटवताना पित्ताशयात खडे होतात. झपाट्याने वाढवताना रक्तदाब, घोरणे, गुडघे आणि पाठ. 'चॅप्टर २७'साठी (२००७) सुमारे ३० किलो वाढवलेल्या जेरेड लेटो यांचे पाय गाऊटने (सांधे सुजवणाऱ्या विकाराने) असे धरले की चाकाच्या खुर्चीची गरज पडली. 'फुल मेटल जॅकेट'मध्ये (१९८७) सुमारे ३२ किलो वाढवलेल्या व्हिन्सेंट डॉनोफ्रियो यांच्या गुडघ्याचे अस्थिबंध अडथळ्यांच्या सरावात फाटले: वजन वाढले होते, ते पेलणारे सांधे तेच होते. स्त्रियांत तीव्र तुटीने मासिक पाळी बंद होते आणि हाडांची घनता घटते. ती सगळी भरून येईलच असे नाही.

मराठी मुलखाशी संबंध

सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे पॅरालिम्पिकमधील भारताचे पहिले सुवर्णपदक जलतरणात पटकावले. त्यांच्या जीवनावरील 'चंदू चॅम्पियन'साठी (२०२४) कार्तिक आर्यन यांनी सुमारे दीड वर्षात चरबी ३९ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणल्याचे सांगितले. इथे अडचण वजनापेक्षा बारीक आहे. पैलवानाची मान, मुष्टियोद्ध्याचे खांदे आणि कमरेखाली दुबळेपण आलेल्या जलतरणपटूचे रुंद वरचे अंग ही या एकाच भूमिकेतली तीन वेगळी शरीरे. फक्त चरबी उतरवून ती साधत नाहीत. रणदीप हुडा यांनी 'स्वातंत्र्यवीर सावरकर'मध्ये (२०२४) अंदमानातील कारावासाच्या दृश्यांसाठी पुन्हा मोठी घट केली. २०११ च्या 'मला आई व्हायचंय!' या मराठी चित्रपटावरून बेतलेल्या 'मिमी'साठी (२०२१) कृती सेनॉन यांनी १५ किलो वाढवले.

बहुतेक मराठी चित्रपट एक-दोन सलग सत्रांत उरकावे लागतात. वर्षभराची सुट्टी हे स्वप्नच. तिथे वाट वेगळी काढावी लागते. नटाला सत्राच्या आधीच तीन-चार किलो वाढवायला किंवा घटवायला सांगतात, तेवढ्यानेही चेहरा बदलतो. एकच सदरा दोन मापांत शिवून घेतात: घट्ट गळपट्टीत माणूस भरलेला दिसतो, सैल गळपट्टीत वाळलेला. बोटातली अंगठी सैल करतात. नकली पोटाच्या आत जेल किंवा पाण्याचे मणी भरले की चालताना ते हलते. नुसता फोम भरला तर ते पाटीसारखे ताठ राहते आणि लबाडी उघडी पडते. अशा पोशाखात उष्मा फार होतो, म्हणून मोठ्या निर्मितींत आतून थंड पाणी फिरवणारी बंडी घालतात. 'द व्हेल'मध्ये (२०२२) ब्रेंडन फ्रेझर आणि 'डार्केस्ट अवर'मध्ये (२०१७) गॅरी ओल्डमन यांचे देह मुख्यतः कृत्रिम त्वचा आणि पॅडिंग यांतूनच उभे राहिले, आणि दोघांनाही ऑस्कर मिळाले.